श्रवणासाठी मांडलेली वास्तू : व्हिटबीचे सेंट मेरी चर्च

इंग्लंडमधील जुन्या पॅरिश-चर्चविषयीचे विवेचन बहुधा दगडापासून सुरू होते आणि दगडापाशीच थांबते. कमान अर्धवर्तुळाकार की टोकदार, खिडकीतील दगडी जाळी कोणत्या घाटाची, मनोरा कोणत्या शतकातला, हे प्रश्न सुटले की वास्तूचा अर्थ हाती आला असे मानण्यात येते. आतील बाके, सज्जे, प्रवचनपीठ यांना त्या मानाने दुय्यम स्थान मिळते. ते नंतरच्या काळात शिरलेले सामान, मूळ वास्तूच्या शुद्ध रूपाला झाकून टाकणारे आवरण, अशी त्यामागची धारणा असते. यॉर्कशायरच्या समुद्रकिनाऱ्यावरील व्हिटबी येथील सेंट मेरी चर्च या धारणेला मोठाच अडथळा निर्माण करते. या चर्चचा अर्थ मुख्यतः त्याच्या सामानात आहे. आणि ते सामान पाहणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी मांडलेले आहे.

गावाच्या पूर्वेकडील कड्यावर, 199 पायऱ्या चढून गेल्यावर हे चर्च लागते. त्याच्या शेजारीच व्हिटबीच्या प्रसिद्ध मठाचे भग्नावशेष उभे आहेत. हिल्ड या मठाधिपतिणीच्या काळात, 664 साली, येथे भरलेल्या धर्मपरिषदेने नॉर्थम्ब्रियातील चर्चने रोमची प्रथा स्वीकारावी असा निर्णय दिला. ज्याचे नाव आज ज्ञात आहे असा पहिला इंग्रजी कवी कॅडमन हाही याच मठाचा. त्याची हकीकत बीडने 731 साली पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात नोंदविली आहे. म्हणजे लोकभाषेतील धर्मवाणीशी या कड्याचा संबंध चर्चच्या उभारणीपूर्वी कित्येक शतकांचा आहे. आजचे चर्च त्यामानाने अर्वाचीन. त्याचा आरंभ सुमारे 1110 चा. वेदीगृह आणि त्यापुढील कमान ही नॉर्मन काळाची साक्ष देतात. 1539 मध्ये मठ विसर्जित झाला आणि त्याच्या जमिनी पुढे चम्ली घराण्याकडे गेल्या. मठ ओसाड पडला. गावकऱ्यांचे चर्च मात्र वापरात राहिले, आणि वापरात राहिल्यामुळेच सतत बदलत गेले.

हा बदल बाहेरूनच डोळ्यांत भरतो. मध्ययुगीन भिंतींत अठराव्या शतकातील, एखाद्या राहत्या घराला शोभाव्यात अशा खिडक्या बसविलेल्या आहेत. छपरात उजेडासाठी तावदाने आहेत. 1819 मध्ये उत्तरेची बाजू वाढविण्यात आल्यामुळे मूळच्या लांबट दालनाला भलतीच रुंदी आली. शैलीची एकात्मता ही वास्तुसमीक्षेची एकमेव कसोटी मानली, तर या इमारतीविषयीचा निर्णय प्रतिकूलच द्यावा लागेल. तथापि ही कसोटी येथे लावणे कितपत युक्त आहे, हाच खरा प्रश्न आहे.

दालनात प्रवेश केल्यावर प्रथम दिसते ती लाकडाची दाटी. कमरेच्या वर येणाऱ्या फळ्यांनी वेढलेली, दारे असलेली बंदिस्त बाके सर्व जमीन व्यापून आहेत. त्यांच्यावर सज्जे आहेत. मध्यभागी शेगडी असून तिचे लांब धुराडे छपरापर्यंत गेले आहे. जहाजबांधणीवर जगलेल्या या गावात आलेल्या प्रेक्षकाला हे सर्व पाहून जहाजाच्या अंतर्भागाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ही उपमा बाह्य साम्यापाशीच थांबते. ही मांडणी कशामुळे झाली याचा उलगडा तिच्यातून होत नाही. तो उलगडा बाकांच्या दिशेतून होतो. बाके सगळी एका रांगेत पूर्वेकडे, म्हणजे वेदीकडे, तोंड करून नाहीत. ती निरनिराळ्या दिशांनी वळलेली आहेत आणि त्या सर्व दिशांचा रोख प्रवचनपीठाकडे आहे.

मध्ययुगीन चर्चची रचना, देवळाच्या परिभाषेत सांगायचे तर, सभामंडपाकडून गाभाऱ्याकडे जाणारी होती. पूर्वेला वेदी, तेथे लॅटिन भाषेतील विधी, आणि दालनात तो पाहणारा समुदाय. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने या व्यवस्थेचा पायाच बदलला. 1549 मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथ आला; तो 1662 च्या स्वरूपात स्थिरावला. विधी आता कळावा अशी अपेक्षा उत्पन्न झाली, आणि कळण्यासाठी तो ऐकू येणे आवश्यक ठरले. सुमारे 1711 साली लंडनमध्ये नवी चर्चे बांधण्याचा विचार चालू असताना क्रिस्टोफर रेन याने या गरजेला आकड्यांचे रूप दिले. मध्यम आवाज प्रवचनकाराच्या समोर 50 फूट, दोन्ही बाजूंना 30 फूट आणि पाठीमागे 20 फूट ऐकू जातो, असा त्याचा हिशेब होता. रेनला ही संधी नव्या इमारतींत मिळाली. व्हिटबीकरांना तोच प्रश्न बाराव्या शतकातील भिंतींच्या आत सोडवावयाचा होता, आणि त्यांनी तो सुताराच्या हातून सोडविला.

या उत्तराचा गाभा म्हणजे 1778 मधील तीनमजली प्रवचनपीठ. असल्या पीठात सर्वांत खाली पॅरिशचा क्लार्क बसे, मधल्या मजल्यावरून धर्मोपदेशक प्रार्थना व पाठ वाची, आणि प्रवचनासाठी तो सर्वांत वर चढे. या तीन पायऱ्या केवळ अधिकाराच्या नाहीत. त्या उच्चारणाच्या तीन प्रकारांच्या आहेत. खालचा उच्चार प्रतिसादाचा, समुदायाने ज्याच्यामागून म्हणावयाचा. मधला वाचनाचा, ग्रंथाने शब्दशः बांधलेला. वरचा प्रवचनाचा, म्हणजे वक्त्याने स्वतः रचलेला. भाषा जसजशी ठरीव शब्दांकडून स्वतंत्र रचनेकडे सरकते, तसतसा वक्ता वर चढतो. भाषाव्यवहारातील हा भेद लाकडात इतक्या स्पष्टपणे कोरलेला अन्यत्र क्वचितच आढळेल. बोलणारी व्यक्ती तीच राहिली, तरी तिचे स्थान बदलल्याने तिच्या शब्दांची प्रतिष्ठा बदलते, हे ऐकणाऱ्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

याच पीठाच्या पाठीमागे ऐकण्याच्या नळ्या जोडलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातील एका रेक्टरच्या बहिऱ्या पत्नीसाठी त्या बसविण्यात आल्या. प्रेक्षक त्यांच्याकडे गमतीची वस्तू म्हणून पाहतात. वस्तुतः संपूर्ण वास्तूचे तत्त्वच तेथे त्याच्या टोकापर्यंत गेलेले दिसते. जिथे धर्म श्रवणाने प्राप्त होतो, तिथे बधिरत्व हे केवळ शारीरिक वैगुण्य राहत नाही. ते उपासनेतून वगळले जाण्याचे कारण बनते. त्या नळ्या ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करतात.

परंतु श्रवणाच्या या व्यवस्थेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू दृष्टिआड करणे योग्य होणार नाही. शब्द सर्वांसाठी होता. आसन सर्वांसाठी सारखे नव्हते. वेदीगृहाच्या कमानीसमोर, पीळदार खांबांवर उचललेला चम्ली घराण्याचा सज्जा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीचे हे काम कोरीवकामाच्या दृष्टीने देखणे आहे. पण त्याने कमान झाकली आहे आणि त्यात बसणाऱ्यांची पाठ वेदीकडे होते. मठाची जमीन ज्यांच्याकडे गेली, त्यांनी पवित्र स्थळासमोरची जागाही घेतली. खालच्या बाकांची दारे हीच गोष्ट लहान प्रमाणावर सांगतात. काही बाकांवर ती केवळ परक्यांसाठी असल्याचा लेख आहे. हा लेख अतिथ्याचा आहे, तसाच तो सीमारेषेचाही आहे. बंदरात उतरलेल्या खलाशाला तो जागा देतो, आणि उरलेली जागा त्याची नाही हेही त्याच वाक्यात सांगतो.

एकोणिसाव्या शतकातील टीकाकारांनी नेमका याच विषमतेवर घाव घातला. 1839 मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डन सोसायटीने आणि विशेषतः जॉन मेसन नील याने बंदिस्त बाकांविरुद्ध मोहीम उघडली. त्यांचा नैतिक आक्षेप खोटा नव्हता. तथापि त्यावरील त्यांचा उपाय असा, की मध्ययुगीन चर्चची एक आदर्श प्रतिमा कल्पावी आणि तिच्याशी न जुळणारे सर्व काढून टाकावे. त्यातून देशभर शेकडो चर्चांतील बाके, सज्जे आणि तीनमजली पीठे नाहीशी झाली. 1877 मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ संस्था स्थापन केली ती या जीर्णोद्धाराच्या अतिरेकाला विरोध म्हणूनच. पण तोवर फार थोडे शिल्लक राहिले होते. व्हिटबीचे अंतरंग त्या लाटेतून वाचले, आणि म्हणूनच त्याला आज पुराव्याचे मोल आले आहे.

हे मोल आजही वादातीत नाही. इंग्लंडमध्ये चर्चचे दालन सभा, संगीत आणि इतर उपयोगांसाठी मोकळे असावे म्हणून बाके हलविण्याची मागणी वारंवार पुढे येते, आणि ज्या चर्चला जिवंत राहावयाचे आहे त्याने बदलू नये असे म्हणणे व्हिटबीच्या इतिहासाशीच विसंगत ठरेल. प्रश्न बदल करावा की नाही असा नाही. बदलताना काय पुसले जाते याची जाणीव आहे की नाही, असा आहे. ब्रॅम स्टोकरच्या 1897 मधील ‘ड्रॅक्युला’ कादंबरीमुळे येथील स्मशानभूमी जगप्रसिद्ध झाली, आणि आतील दालन त्या गूढ दृश्याचा भाग म्हणून पाहिले जाऊ लागले. ज्या वास्तूने नजरेपेक्षा कानाला मान दिला, तिचे अखेर निव्वळ दृश्य व्हावे, हा काळाने उगवलेला सूड म्हटला पाहिजे. तिचे यथार्थ मूल्यमापन करावयाचे तर अभ्यासकाने घाटांची आणि शैलींची यादी क्षणभर बाजूस ठेवावी, एखाद्या बंदिस्त बाकाचे दार लावून आत बसावे, आणि येथून कोणाचा शब्द ऐकू येतो व कोणाचे मुख दिसत नाही, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे या चर्चच्या लाकडात आजही वाचता येतात.