धरण, अणुबॉम्ब आणि कॅमेरा : आनंद पटवर्धन यांचे दोन माहितीपट

प्रस्तुत लेखात आनंद पटवर्धन यांच्या ‘नर्मदा डायरी’ (१९९५, सहदिग्दर्शन : सिमंतिनी धुरू) आणि ‘जंग और अमन’ (२००२) या दोन माहितीपटांचा एकत्रित विचार केला आहे. पहिल्याचा विषय सरदार सरोवर, दुसऱ्याचा अण्वस्त्रे. त्यामुळे एकाला पर्यावरणविषयक आणि दुसऱ्याला युद्धविरोधी म्हणणे सोयीचे ठरते. मात्र ही विभागणी ‘जंग और अमन’ स्वतःच मोडून काढतो. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पोखरणजवळच्या खेतोलाई गावातील माणसे आपल्या आणि जनावरांच्या आजारांविषयी बोलतात. दुसरीकडे जादूगोडा येथील युरेनियमच्या खाणीलगत राहणारे आदिवासी किरणोत्साराची झळ सांगतात. अणुबॉम्ब शत्रूवर पडण्याआधी तो ज्या जमिनीतून खणला जातो आणि ज्या जमिनीत तपासला जातो, तेथील माणसांवर पडलेला असतो, हे या जोडणीतून दिसते. युद्ध आणि पर्यावरणाचा नाश ही येथे एकाच साखळीची दोन टोके आहेत.

‘नर्मदा डायरी’तील मणिबेली हे गाव पूर्वी धुळे व १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच नाशिक महसूल विभागात येते. महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना या धरणाच्या बुडिताचा फटका बसला. १९९३ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज थांबले, पण धरण थांबले नाही; २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. तेव्हा या माहितीपटाने काय साधले, असा प्रश्न विचारला जातो. तो मला गैरलागू वाटतो. दैनंदिनीचा घाट स्वीकारणाऱ्या कृतीकडून निकालाची नव्हे, नोंदीची अपेक्षा करावी. ‘राष्ट्रहित’ हा शब्द नदीकाठी कसा ऐकू येतो, याची ती नोंद आहे.

खरी कसोटी निराळी आहे आणि ती आदिवासी साहित्यानेच घालून दिली आहे. ‘गोधड’चे (१९८७) कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता मंचावर कोण बसतो आणि कोणाचे दुःख कोण सांगतो, हा प्रश्न उभा करते. पटवर्धन मुंबईचे, शहरी, इंग्रजी निवेदन करणारे. या कसोटीवर ‘जंग और अमन’ काही ठिकाणी कमी पडतो. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) अच्युतराव व रावसाहेब पटवर्धन यांच्या कुटुंबातील गांधीविचारांचा वारसा दिग्दर्शकाच्या निवेदनातून व्यक्त होतो. तो प्रांजळ आहे, परंतु कित्येकदा प्रतिमेने आधीच सांगितलेले निवेदन पुन्हा सांगते. चित्रपट प्रमाणन मंडळाने सुचविलेल्या कापाकापीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढून २००३ मध्ये विनाकाट प्रदर्शनाचा हक्क मिळविणाऱ्या कलावंताने स्वतःच्या शब्दांना थोडी कात्री लावायला हरकत नव्हती!

याउलट लाहोरच्या शाळेतील प्रसंग पाहावा. वादविवादात अण्वस्त्रांची बाजू आवेशाने मांडणाऱ्या मुली नंतरच्या संभाषणात त्या भूमिकेपासून हळूहळू दूर सरकतात. दिग्दर्शक त्यांना खोडून काढत नाही. तो विचारतो आणि थांबतो. शाळेत मिळविलेली भाषा आणि मनातली भाषा यांतील अंतर त्या स्वतःच ओळखतात. लाहोरच्या जागी आपल्याकडची कोणतीही वक्तृत्वस्पर्धा ठेवली तरी फारसा फरक पडणार नाही.

नाशिकमध्ये हा माहितीपट दाखविताना हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे, देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र. येथील महाविद्यालयांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरची चूल त्यांवर पेटते. युद्धविरोध त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक भूमिका नाही. तो वडिलांच्या कामाविषयीचा प्रश्न होतो. निवेदन त्यांना उपदेशासारखे वाटण्याची शक्यता अधिक. लाहोरच्या त्या मुलींशी मात्र ते वयानेही जवळचे आहेत, आणि तेथे त्यांना उत्तर देण्याची घाई कोणी करीत नाही.