माहीत नसलेल्याचा हिशेब

एडविन जेन्स या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचा माहितीशास्त्र आणि उष्मागतिकी यांना जोडणारा निबंध मे १९५७मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त आला. त्यातलं गणित पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल इतकं साधं आहे. तरी त्यातल्या एका जागेशी माझी नजर दर वेळी अडते.

तिथे पोचायला जेन्सचाच फासा हाती घ्यावा. १९६२च्या ब्रँडाइस व्याख्यानांत त्याने तो मांडला. फासा पुष्कळ वेळा टाकला आणि सरासरी साडेतीनऐवजी साडेचार आली. एवढंच ठाऊक आहे. मग सहा पडण्याची शक्यता किती धरायची? निम्म्या वेळा चार आणि निम्म्या वेळा पाच पडतात असं म्हटलं तरी सरासरी साडेचारच येते. पण बाकीचे आकडे कधीच पडत नाहीत, हे आपल्याला कोणी सांगितलं? जेन्सचा दंडक असा की क्लॉड शॅननने १९४८ साली अनिश्चिततेचं जे माप दिलं, ती एन्ट्रॉपी, दिलेली सरासरी सांभाळून जास्तीत जास्त ठेवायची. पदरचं काही घालायचं नाही. उत्तर येतं: एकाला सुमारे ०.०५४, सहाला ०.३४७, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर शक्यता सुमारे १.४५ पटीने चढत जाते. ही एकसारखी पट कोणी मागितली नव्हती. एका सरासरीतून ती आपसूक उगवली.

आता फाशाच्या आकड्यांजागी वायूतल्या रेणूंच्या ऊर्जा ठेवा. माहिती पुन्हा एकच, सरासरी ऊर्जा. गणिताची रीत तीच राहते, आणि समोर येतं ते बोल्ट्झमन-गिब्ज यांचं वितरण. सरासरीची अट पाळायला आणलेला लग्रांजचा गुणक फाशात नुसती पट ठरवत होता. इथे तोच तापमानाच्या व्यस्त प्रमाणात निघतो. माझी नजर अडते ती इथे. अंगाला जाणवणारी ऊब आपल्या अपुऱ्या माहितीवरच्या एका अटीतून अवतरते! गणित गिब्जच्या १९०२च्या ग्रंथातही होतं, पण ते तसंच का करावं याचं इतकं उघड कारण जेन्सने दिलं. रेणू सगळ्या अवस्थांतून फिरून येतात का, हा जुना छळवादी प्रश्न त्याला दारातच ठेवता आला.

महाराष्ट्रात अपुऱ्या माहितीचा हाच पेच जुन्नर तालुक्यातल्या खोडदला भेटतो. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तिथे आणि आसपास मिळून तीस डिश आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर; चौदा मध्यभागी दाटीने, सोळा तीन बाहूंवर दूरवर, सर्वांत लांबचं अंतर सुमारे २५ किलोमीटर. तीस डिशच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्रातला एकेक तरंग मोजते. पृथ्वी फिरते तसे आणखी तरंग हाती लागतात, तरी फटी राहतातच. मोजमापाशी जुळणारी चित्रं अगणित. त्यांतलं कोणतं खरं मानायचं? होगबॉमची १९७४ची ‘क्लीन’ पद्धत हा रुळलेला मार्ग. दुसरा मार्ग जास्तीत जास्त एन्ट्रॉपीचा.

या दुसऱ्या मार्गावरचं सर्वांत चोख लेखन मला राजाराम नित्यानंद आणि रमेश नारायण यांचं वाटतं. नित्यानंद पुढे ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरएचे संचालक झाले. दोघांच्या १९८२च्या निबंधाने शीर्षकातच जाहीर केलं की ही मांडणी माहितीशास्त्राच्या आधाराविना आहे. चित्रातलं तेज म्हणजे संभाव्यता नव्हे. मग एन्ट्रॉपीच्या सूत्राला तिथे जन्मसिद्ध मान का द्यावा? त्यांनी फक्त त्या सूत्राच्या वक्राचं वागणं पाहिलं. तेज शून्याजवळ आलं की वक्र जोरात वाकतो, म्हणून ऋण तेज अडतं आणि काळ्या पार्श्वभूमीवरचे खोटे तरंग दबतात. तेज वाढलं की बाक सैलावतो, म्हणून शिखरं टोकदार राहतात. असा बाक असलेलं वर्गमूळही चालेल, लॉगरिदमही.

जेन्सची परिभाषा नाकारूनही हा निबंध मला त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो. पदरचं काही घालू नका, असं तो म्हणाला. या दोघांनी खुद्द सूत्रातून आपल्या पदरचं काय आत शिरतं ते उघडं केलं. वायूत रेणूंची संख्याच इतकी प्रचंड की सर्वाधिक एन्ट्रॉपीच्या अवस्थेपासून ठळकपणे दूर गेलेलं काही दिसण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. आकाशाच्या चित्रापाठीशी अशी संख्या उभी नसते. तिथे वक्र कुठे किती वाकतो, हेच तपासावं लागतं.