‘पक्षी कमी झाले’ या वाक्याची चिकित्सा

मागच्या वेळी आपण ‘कारण’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. तेव्हा एका श्रोत्याने लिहून पाठवलं की, सर, हे सगळं घट आणि माती, सूत आणि वस्त्र ठीक आहे, पण आज जे घडतंय त्याला हे लावून दाखवा ना. मागणी रास्त आहे. म्हणून आज आम्ही एकच वाक्य घेतलं आहे. दर हिवाळ्यात ते आपल्या कानांवर पडतं: ‘यंदा नाथसागरावर पक्षी कमी झाले.’ या वाक्याची चिकित्सा करायची. त्यासाठी वाटेत पार दक्षिण ध्रुवाकडचे पेंग्विनही लागतील. घाबरू नका, परत पैठणलाच यायचं आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात आम्ही मोठ्या आवेशात सांगितलं होतं की, जायकवाडीवर रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, दिसेनासे झाले याला कारखान्यांचं सांडपाणी कारणीभूत आहे. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी जवळ आला. तो दर जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेला जातो. खालच्या आवाजात म्हणाला, “सर, यंदा धरण काठोकाठ भरलंय. रोहित उभा राहणार कुठे?” आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला एवढा साधा प्रश्न सुचला नव्हता. सांडपाणी निर्दोष आहे असं तो म्हणत नव्हता. तुम्ही कारण सिद्ध केलं नाही, फक्त आरोपी निवडला, एवढंच त्याचं म्हणणं. आजचं व्याख्यान हे त्या विद्यार्थ्याला दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

आता वाक्याकडे. ‘पक्षी कमी झाले.’ पहिला प्रश्न: कुठे कमी झाले? जगात, की आपल्या डोळ्यांसमोर?

नाथसागराचं साधं गणित बघा. रोहित, शेकाट्या, तुतारी असे पक्षी उथळ पाण्यात, चिखलात चरतात. धरण भरलेलं असलं की तो चिखल पाण्याखाली जातो आणि हे पक्षी दुसरा तलाव शोधतात. पाणी ओसरलं, चिखल उघडा पडला, की येतात. पाणी फारच ओसरलं, मृतसाठ्याखाली गेलं, जसं २०१३ आणि २०१६ च्या दुष्काळात गेलं होतं, तर काठापासून पाण्यापर्यंत नुसत्या भेगा पडलेल्या जमिनीचा पट्टा उरतो. म्हणजे फार भरलं तरी आपल्याला पक्षी कमी दिसतात आणि फार आटलं तरी कमी दिसतात. दोन्ही वर्षी बातमीचा मथळा मात्र एकच असतो.

शिवाय हे पक्षी इथले कायमचे रहिवासी नाहीत. मोठ्या रोहितची वीण कच्छच्या रणात होते. पट्टकादंब हंस हिमालयापलीकडच्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. कच्छमध्ये पाऊस कसा झाला, तिबेटच्या पठारावर काय घडलं, याचा परिणाम कायगाव टोक्याच्या पुलावरून दिसतो. आपण मोजतो धर्मशाळेतले पाहुणे आणि निष्कर्ष काढतो गावाच्या लोकसंख्येचा.

इथे पेंग्विन मदतीला येतात. आपल्याकडच्या मुलांना पेंग्विन माहीत आहे तो भायखळ्याच्या राणीच्या बागेतला. २०१६ मध्ये तिथे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन आणले आणि पुढे त्यांची संख्या वाढली. काचेपलीकडची संख्या वाढते हे बघून घरी आलेल्या मुलाला वाटतं, पेंग्विनचं बरं चाललंय. पण हीच जात चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर, तिच्या मूळ घरी, धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. ‘किती’ या प्रश्नाला ‘कुठे’ जोडला नाही, तर उत्तर खरं असूनही दिशाभूल करतं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या टोकाजवळ डेंजर नावाची छोटी बेटं आहेत. उपग्रहाच्या छायाचित्रांत विष्ठेचे डाग दिसले, म्हणून संशोधक तिथे गेले, ड्रोनने मोजणी केली आणि २०१८ मध्ये जाहीर केलं की तिथे अ‍ॅडेली पेंग्विनच्या साडेसात लाखांहून अधिक जोड्या आहेत. मग काय, पेंग्विन वाढले का? मुळीच नाही. ते तिथे होतेच. वाढलं ते आपलं ज्ञान. ज्ञानातली वाढ आणि वस्तूतली वाढ यांत गल्लत करू नये, हा धडा तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, आणि वर्तमानपत्र उघडलं की आम्ही स्वतःच तो विसरतो.

दुसरा प्रश्न: कशामुळे? इथे आपल्या नैयायिकांकडे जाऊ. त्यांची कारणाची कसोटी कडक आहे. कारण कार्याच्या आधी हवं. ते नियमाने आधी हवं, कधीतरी नव्हे. आणि ते अन्यथासिद्ध नसावं, म्हणजे उगाच शेजारी उभं राहिलेलं नसावं. कुंभार माती वाहून आणायला गाढव वापरतो. गाढव घटाच्या आधी असतं, पण म्हणून ते घटाचं कारण होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, हे तर आपल्या आज्या सांगत.

या कसोटीवर एक लोकप्रिय कारण घासून बघू: मोबाइलचे टॉवर. पक्षी गेले, का? टॉवर आले. ठीक. गिधाडांचं काय झालं? नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती झपाट्याने नाहीशी व्हायला लागली होती. भारतात पहिला मोबाइल फोन लागला जुलै १९९५ मध्ये, तोही महानगरांत. खेड्यापाड्यांत टॉवर येईपर्यंत गिधाडं गेलेली होती. कार्य आधी आणि कारण नंतर! गिधाडांपुरतं तरी हे कारण बाद. टॉवरचा कुठल्याच पक्ष्याला काहीच त्रास नाही, असं यातून सिद्ध होत नाही. तेवढं बोलायचा अधिकार या युक्तिवादाला नाही, आणि आम्हीही तो घेत नाही.

मग गिधाडांचं खरं कारण कसं सापडलं? ही हकिगत आम्हाला तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालावीशी वाटते. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेकडा ९९ हून अधिक घटलं. आधी संशय होता विषाणूवर, कीटकनाशकांवर, अन्नाच्या तुटवड्यावर. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं की, मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या गिधाडांच्या शरीरात डायक्लोफिनॅक सापडतं, आणि दुसऱ्या कारणांनी मेलेल्यांत सापडत नाही. हा झाला अन्वय आणि हा झाला व्यतिरेक. गुरांना सूज आणि वेदनेसाठी दिलं जाणारं हे औषध. औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, की गिधाडं मरायची. औषध असलेलं मांस प्रत्यक्ष खाऊ घालूनही तेच दिसलं. आणखी विलक्षण गोष्ट अशी की, एवढी पडझड व्हायला शंभर मृत जनावरांत एकापेक्षाही कमी जनावर दूषित असलं तरी पुरतं, असं गणिताने निघालं. कारण एका सांगाड्यावर गिधाडांची पंगतच बसते. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली.

या गोष्टीचा मोह असा की, प्रत्येक वेळी असंच एकच कारण सापडेल असं वाटू लागतं. तिसरा प्रश्न तोच: कारण एकच असतं का?

पुन्हा पेंग्विनांकडे चला. अंटार्क्टिकात तापमान वाढतंय, बर्फ वितळतोय, पेंग्विन संपताहेत, ही ओळ आपल्याला पाठ आहे. ती खोटी नाही, अपुरी आहे. अ‍ॅडेली पेंग्विन द्वीपकल्पाच्या पश्चिमेला घटले, पण रॉस समुद्राच्या बाजूला वाढले. त्याच द्वीपकल्पावर जेंटू नावाचे त्यांचे चुलतभाऊ दक्षिणेकडे पसरत चाललेत. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या एका भागात बर्फ लवकर फुटला आणि सम्राट पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींत त्या वर्षीची पिल्लं बहुधा सगळीच गेली. पिसं जलरोधक होण्याआधी पायाखालची जमीनच गेली. पण त्याआधी, २०१७ च्या उन्हाळ्यात, पूर्व अंटार्क्टिकात एका अ‍ॅडेली वसाहतीत सुमारे १८ हजार जोड्यांची मिळून फक्त दोन पिल्लं जगली. तिथे कारण उलटं होतं: वसाहतीसमोरचा बर्फ हटलाच नाही, आईबापांना अन्नासाठी फार लांब जावं लागलं. बर्फ कमी झाला तरी मरण, जास्त राहिला तरी मरण. आमच्या नाथसागराच्या पाण्यासारखंच की हे!

आणि काही कारणं जुनी असतात. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा पेंग्विन घ्या. एकेकाळी त्याची अंडी गोळा करून खाल्ली गेली. विष्ठेचे थर खत म्हणून खरवडून नेले. त्या थरांत तो बिळं करायचा. बिळं गेली, पिल्लं उन्हात आली. मग सार्डिन आणि अँचोव्ही हे त्याचे मासे कमी झाले, किंवा जाळ्यांत गेले. २०२४ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरली. आजच्या मृत्यूचा एक साक्षीदार शंभर वर्षांमागे उभा आहे. चुकीचं कारण धरलं की उपायही चुकतो, हे आपण सोलापूरकडे माळढोकाच्या बाबतीत पाहिलं आहे. १९७९ मध्ये साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर झालं. पण गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन, असं समजून जागोजागी झाडं लावली गेली. माळढोकाला हवा होता मोकळा माळ, आणि आम्ही त्याला सावली दिली.

आता पैठणला परत. जायकवाडी धरण पूर्ण झालं १९७६ मध्ये आणि पक्षी अभयारण्य जाहीर झालं १९८६ मध्ये. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणतो तो माणसाने, गावं बुडवून, बांधलेला आहे. पाणी कधी सोडायचं, किती ठेवायचं, ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर किती करू द्यायची, हे सगळे निर्णय माणसांचे. पक्ष्यांची संख्या या निर्णयांची सावली आहे. त्यात कच्छ आणि तिबेट मिसळलेले आहेत, ही अडचण.

सध्या याच जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवण्याचा मोठा प्रकल्प येऊ घातला आहे. मासेमारी करणाऱ्या समाजाच्या संघटनेने त्याला राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. कायद्याचा प्रश्न न्यायालयाने हाताळला. ज्ञानाचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो आपला आहे.

एक बाजू म्हणते, पॅनेल आले की पक्षी संपले. दुसरी म्हणते, पॅनेलने पक्ष्यांना काही होत नाही, उलट बाष्पीभवन कमी होईल. आमची टीका दोन्ही वाक्यांवर आहे, कारण दोन्ही मोजण्याआधी बोललेली आहेत. विचारायचं ते असं: पॅनेल खोल पाण्यावर, की पक्षी चरतात त्या उथळ काठांजवळ? बसवण्याआधी निदान काही वर्षांची, पाण्याच्या पातळीसह केलेली मोजणी हातात आहे का? पॅनेल नसलेल्या दुसऱ्या एखाद्या जलाशयाची मोजणी त्याच काळात चालू राहणार आहे का? हा व्यतिरेक हातात नसेल, तर दहा वर्षांनी पक्षी घटले तरी एक बाजू म्हणेल पॅनेल, दुसरी म्हणेल पाऊस, आणि दोघांनाही खोडता येणार नाही. खोडता न येणं हा युक्तिवादाचा विजय नसतो, श्रोतेहो. तो आपल्या आळसाचा विजय असतो.

कोणी विचारेल, मग पूर्ण खात्री होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं? नाही. गिधाडांच्या बाबतीत कारण २००४ मध्ये सापडलं, तोवर बहुतेक गिधाडं गेलेली होती. उशिराचंही एक पाप असतं. संशय असला तर सावधपणे पाऊल टाका. उथळ काठ सोडा, थोड्या जागेवर सुरू करा, मोजत राहा, चूक दिसली तर मागे या. खात्री नसताना सावध राहणं वेगळं आणि खात्री नसताना खात्रीचा आव आणणं वेगळं. पहिलं शहाणपण आहे. दुसरं आम्ही त्या कार्यक्रमात केलं होतं.

तो विद्यार्थी अजूनही दर जानेवारीत पहाटे दुर्बीण घेऊन काठावर जातो, आकडा लिहितो, आणि त्याशेजारी पाण्याची पातळीही लिहितो. ते दोन आकडे शेजारी असल्याशिवाय ‘पक्षी कमी झाले’ हे वाक्य आम्ही आता उच्चारत नाही. तुमच्यापैकी जे पैठणच्या, गंगापूरच्या बाजूला राहतात त्यांनी या हिवाळ्यात त्याच्यासारखं एकदा तरी जावं. गुडघे साथ देतील तितकं आम्हीही येऊ.

प्रश्न जरूर पाठवा. मात्र ‘सर, खरं कारण कोणतं?’ असा एकवचनी प्रश्न आला, तर पहिलं उत्तर आम्ही व्याकरणाचं देऊ.