चौकटीत न मावलेली म्हातारी

एनसीईआरटीच्या सहावीच्या इतिहासाच्या जुन्या पुस्तकात, २००६ साली आलेल्या, आपल्या इनामगावला मानाचं पान मिळालं होतं. शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उकरून काढलेली ही सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. धड्यात पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातला, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष भेटतो. त्याच धड्यात एक छोटी चौकट आहे: सांगाडा बाईचा की पुरुषाचा, हे कसं ओळखतात? शाळेच्या पुस्तकात इतकं नेटकं गद्य क्वचित सापडतं.

तिची चाल पाहा. सुरुवात मुलांपासून. हाडं लहान म्हणजे मूल, हे कळतं. पण मुलगा की मुलगी, हे हाडं सांगत नाहीत. मग दागिन्यांची फसवी वाट दाखवली आहे: सांगाड्याजवळ मणी सापडले की बाई, असं लोक धरून चालतात. लगेच ती वाट बंद, कारण दागिने पुरुषही घालत. मगच कमरेच्या हाडांची गोष्ट: बाईची कंबर सहसा मोठी. आधी चुकीचं उत्तर देऊन ते मोडायचं आणि मग बरं उत्तर द्यायचं, ही चांगल्या मास्तरांची खोड.

पहिलं वाक्य साधं वाटतं, पण इनामगावात ते जड होतं. तिथली बहुतेक दफनं लहान मुलांची आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी या सांगाड्यांचा अहवाल १९८६ साली प्रसिद्ध केला. हाडं नजरेने वाचणाऱ्याला त्यातली लेकरं फक्त लेकरं म्हणूनच भेटतात.

माझी तक्रार पुढची आहे. चौकट बालपणापाशी वय विचारात घेते आणि नंतर विसरते. जणू एकदा मोठं झालं की हाडावरचा शिक्का कायमचा. तसं नसतं. झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की वयात येईपर्यंत दोघांची कंबर जवळपास सारखी वाढते. मग मुलीची वेगळ्या दिशेने रुंदावते, पंचविशी-तिशीत सर्वांत ऐसपैस होते आणि चाळिशीनंतर पुन्हा पुरुषी घडणीकडे झुकू लागते. कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूला एक खाच असते, बाईची पसरट, पुरुषाची अरुंद. पुढचं नाजूक हाड मातीत आधी मोडतं, म्हणून या टिकाऊ खाचेवर पुष्कळदा भिस्त असते. पण तिथेही तरुणपणी गेलेल्यांची खाच जरा बायकी दिसते, असं हाडांचे अभ्यासक फिलिप वॉकर यांना २००५ साली आढळलं.

कवटी तर जास्तच फसवते. लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चमधल्या शवपेट्यांवर नाव-वयाच्या पाट्या होत्या, म्हणजे उत्तरं आधीच माहीत. वॉकर यांनी त्या कवट्या तपासल्या, तर उतारवयातल्या बायकांच्या भुवईवरचा कंगोरा ठळक होऊन त्या पुरुषांत जमा होत होत्या, आणि तरणे पुरुष बायकांत. याचा परिणाम बघा: जुन्या दफनभूमीत म्हाताऱ्या बायका कमी भरतात, तरुण बायका जास्त. मग आपण हळहळत लिहितो की त्या काळी बायका लवकर जात. जात असतीलही, पण त्यातल्या काही म्हाताऱ्या होऊन, आजोबांच्या रकान्यात पडलेल्या असणार.

आमच्या जासई गावात हे पटायला लंडन लागत नाही. भातशेती आणि मिठागरांत जन्म काढलेल्या आगरी आज्यांचे हात पाहा. ओझं वाहून स्नायू जिथे हाडाला धरतात, तिथे हाडावर कंगोरे उठतात. रुंद मनगट, जाडजूड दंड. अशा आजीचं नुसतं दंडाचं हाड हाती आलं तर भलाभला तज्ज्ञ तिला आजोबा म्हणेल. इनामगावच्या बायकाही काही गादीवर बसून नव्हत्या.

रांजणातल्या माणसाकडे मी आता जरा सावधपणे बघतो. त्याचं पुरुषपण मला खोटं म्हणायचं नाही. इनामगावला प्रौढांना पुरताना पावलं तोडत, याची शाबूत आहेत. म्हणून तो गावचा प्रमुख असावा, असा उत्खननकार मधुकर ढवळीकर यांचा तर्क. तो सुंदर आहे. पण मोठं घर, धान्याचं कोठार, मानाचं दफन असं सगळं समोर असताना हाडं वाचणाऱ्याची नजर कोरी कशी राहणार? दागिन्यांबद्दल चौकटीने दिलेला इशारा इथे रांजणालाही लागू पडतो. तो मात्र पुस्तक देत नाही.

शेवटी चौकट प्राचीन वैद्य चरकाकडे वळते: त्याने हाडं ३६० मोजली, बहुधा दात, सांधे आणि कूर्चाही धरल्यामुळे. माहिती गमतीची आहे, पण ती जागा मी वयाला दिली असती.

आता दाताच्या एनॅमलमधलं एक प्रथिन तपासून लिंग सांगता येतं. एक्स आणि वाय या गुणसूत्रांवरून बनणारी त्याची रूपं थोडी वेगळी असतात. एनॅमल एकदा बनलं की वयानुसार नव्याने घडत नाही, म्हणून मडक्यातल्या लेकरालाही ही वाट खुली आहे आणि मिठागरातल्या आजीलाही. फक्त आजीच्या तोंडात निदान एक तरी दात उरलेला हवा.