'पार्तीर' : अर्थ, उपयोजन आणि मराठी अनुवाद

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला 'पार्तीर' या क्रियापदाचा अर्थ 'निघणे, जाणे' असा सांगितला जातो. तो चुकीचा नाही. परंतु साहित्यकृतीच्या अनुवादात तो अपुरा पडतो.

'पार्तीर'चे मूळ 'विभागणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. जुन्या फ्रेंचमध्येही त्याचा अर्थ वाटणी करणे असाच होता. स्वतःला एखाद्यापासून विलग करणे या आत्मवाचक उपयोजनातून 'निघून जाणे' हा अर्थ पुढे रूढ झाला. एखाद्याशी तंटा असणे याला फ्रेंचमध्ये आजही त्याच्याशी एक क्षुल्लक नाणे 'वाटून घ्यायचे असणे' म्हणतात. जुना अर्थ तेथे टिकून आहे. एकत्र कुटुंबातून 'वेगळे निघणे' हा मराठी प्रयोग येथे सहज आठवावा.

'पार्तीर' अकर्मक आहे. कोणाला वा कशाला सोडले हे सांगायचे असल्यास 'किते' हे सकर्मक क्रियापद येते. त्याचा मूळ अर्थ ऋणातून मुक्त करणे असा आहे. देणे फिटल्याचा लेख ते विभक्त होणे हा 'फारकत' या शब्दाचा प्रवासही असाच झाला.

मराठी अनुवादकाची अडचण येथूनच सुरू होते. 'सोडून गेला' म्हणताच जाणाऱ्यावर ठपका येतो. 'निघून गेली' हे स्त्रीविषयी असेल तर ठपका अधिकच गडद होतो. नुसते 'गेली' म्हटले तर मृत्यूची छाया पडते. (ही छाया फ्रेंच क्रियापदांवरही पडते, परंतु निरोप घेताना 'जातो' टाळून 'येतो' म्हणणाऱ्या भाषेत ती लवकर पडते.) मूळ लेखकाने न दिलेला निवाडा अनुवादक अशा रीतीने नकळत देऊन बसतो.

आंत्वान द सेंतेक्झुपेरी यांच्या 'ल पती प्रँस' (१९४३) या कृतीत हा भेद स्पष्ट दिसतो. नवव्या प्रकरणातील निरोपाच्या प्रसंगी गुलाब राजपुत्राच्या निर्णयाचा उल्लेख 'पार्तीर'ने करतो आणि लगेच 'जा' अशी आज्ञा देताना वेगळे क्रियापद वापरतो. पहिल्यात दोषारोप नाही, दुसऱ्यात मानी अधीरता आहे. दोष येतो तो आठव्या प्रकरणाच्या अखेरीस, राजपुत्राच्या स्वतःच्या कबुलीत. तेथे क्रियापद 'पळून जाणे' या अर्थाचे आहे. अनुवादकाने गुलाबाच्या तोंडी 'मला सोडून जायचं ठरवलंस' असे घातले, तर गुलाबाचा मानीपणा तक्रारीत बदलतो आणि राजपुत्राच्या पश्चात्तापाची धारही बोथट होते. 'निघायचं ठरवलंस' एवढेच पुरे आहे.

भूतकाळात मात्र 'निघणे' साथ देत नाही. 'एल ए पार्ती' या वाक्यात ती आता येथे नाही, हे गृहीत असते. 'ती निघाली' म्हटले की मराठी वाचकाला ती अजून वाटेत दिसते.