ताशी चार मैल

आपल्या मंडळाच्या अंकात उन्हाळा संपला की जी प्रवासवर्णनं येतात, त्यांतली तीन माझी आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची टीका मी दुसऱ्यांवर करतोय असं कोणाला वाटायला नको. यलोस्टोनवरचा माझा लेख परवा पुन्हा वाचला. त्यात मैलांचा हिशेब आहे, मोटेलचे दर आहेत, सौ.ने बरोबर घेतलेल्या धपाट्यांचा उल्लेख आहे आणि 'अवर्णनीय' हा शब्द चार वेळा आहे. माणूस मात्र एकही नाही.

हे खटकण्याचं कारण एक इंग्रजी पुस्तक: एल. टी. सी. रोल्ट यांचं १९४४ साली निघालेलं 'नॅरो बोट'. रोल्ट पेशाने इंजिनियर, म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांचा जातभाई. १९३९च्या उन्हाळ्यात लग्न झाल्यावर हा गृहस्थ बायकोला, अँजेलाला, घेऊन बॅनबरीहून निघाला तो 'क्रेसी' नावाच्या बोटीतून. इंग्लंडातल्या जुन्या कालव्यांचे लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून बोटीही तशाच: सत्तर फुटांपर्यंत लांब आणि आगगाडीच्या डब्याहूनही अरुंद. वेग ताशी चार मैल. तेवढ्यात आपण पायीही जातो.

पुस्तकात घडत काहीच नाही. बोट जाते, थांबते, पुन्हा जाते. पण वेग इतका कमी की काठावरचा माणूस बोलायला लागला तर त्याचं वाक्य पुरं होतं. त्यामुळे बोटीवरच जन्मलेली आणि बोटीवरच म्हातारी झालेली माणसं, त्यांच्या पाण्याच्या डब्यांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले, लॉकची दारं पाठीने रेटून उघडायची पद्धत, हे सगळं पानांत आपसूक येऊन बसतं. आणि नुसतं बसत नाही. हे पुस्तक वाचून रॉबर्ट एकमन नावाचा माणूस रोल्टला भेटला आणि १९४६ साली दोघांनी मोडकळीला आलेले कालवे वाचवण्यासाठी संस्था काढली. प्रवासवर्णनाने असं काही केल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन सुचत नाही.

तरीही मला या पुस्तकात एक खोट दिसते. बोटवाल्यांच्या गरिबीचं, शाळा न पाहिलेल्या त्यांच्या पोरांचं रोल्टला वाईट वाटायच्या आधी कौतुक वाटतं. जुनं ते सगळं सोनं, आणि कारखान्यात झालेलं ते सगळं पितळ! त्याला कालवे हवे होते ते बोटवाल्यांसाठी, तुमच्या-माझ्यासारख्या हौशी मंडळींसाठी नव्हे. एकमनशी त्याचं बिनसलं त्यात हा मुद्दा होता, आणि १९५१ साली स्वतःच काढलेल्या संस्थेतून त्याला बाहेर पडावं लागलं. आता तो स्वतः तरी कोण होता? चार महिने भाड्यामालाविना फिरणारा हौशी माणूसच की! पुस्तक ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतं.

नुसतं हळू गेलं की सगळं दिसतं, असंही नाही. नॅथॅनिएल हॉथॉर्नसारखा मोठा लेखक आपल्या न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी कॅनॉलवरून गेला आणि १८३५ साली त्याने जे लिहिलं त्यात कंटाळा, दलदल आणि मेलेली झाडं यांचंच राज्य आहे. आणि हा कालवा काही लहानसहान नव्हता. १८१७ ते १८२५ अशी आठ वर्षं खपून, बहुतांशी हातांनी खणलेला, ३६३ मैल लांब, चाळीस फूट रुंद आणि अवघा चार फूट खोल. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला शंभर डॉलर पडत, ते दहाच्या आसपास आले. खेचरं काठाने चालत बोट ओढायची. वेग तोच, ताशी चारेक मैल.

उलट आपले गोडसे भटजी पाहा. दक्षिणा मिळवायला वरसईहून पायी निघाले, सापडले सत्तावन्नच्या धामधुमीत. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला आणि अजून वाचला जातो, कारण त्यांना कुठे पोचायचं होतं यापेक्षा वाटेत कोण भेटलं हे त्यांच्या लक्षात राहिलं. ही आपल्या भाषेतली चाल. ती सोडून आम्ही मोटेलचे दर कधी लिहायला लागलो, कोण जाणे.

गेल्या सप्टेंबरात एका मित्राने ईरी कॅनॉलवर आठवड्यासाठी बोट भाड्याने घेतली होती. घडण इंग्लिश नॅरोबोटीची, रुंदी जरा ऐसपैस. एक दिवस आम्हीही पाहुणे म्हणून गेलो: मी, सौ., दोन्ही मुलं आणि भारतातून आलेली आई. फेअरपोर्टच्या पुलापलीकडे चढलो आणि पिट्सफर्डच्या दिशेने निघालो. वाटेत कालवा दरीवरून जातो. इरॉन्डिक्वाइट नावाचा ओढा सत्तरेक फूट खाली, आणि आपण मातीच्या बांधावर, पाण्यात! चारशेनव्वदवरून कामाला जाताना मी हा कालवा रोज ओलांडत होतो. खाली काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. मुलांनी तासभर कुरकुर केली. मग मोठा सुकाणूवर बसला आणि उठायला तयार होईना.

पिट्सफर्डपुढचं बत्तीस नंबरचं लॉक म्हणजे दोन टोकांना दारं असलेला सिमेंटचा प्रचंड हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार बंद, मग वरचं पाणी आत सोडतात आणि बोट पंचवीस फूट उचलली जाते. पंपबिंप नाही. भिंतीवरून लोंबणारा दोर धरून बसायचं, एवढंच काम. आईने दोर धरला होता. वरून लॉकवाल्याने विचारलं, पहिलीच वेळ का? आई म्हणाली, "नो. चाइल्डहूड."

मग ती हर्णैबद्दल बोलायला लागली. मुंबईची बोट बंदराबाहेर समुद्रात उभी राहायची. पडाव शेजारी यायचा, लाटेने वर उचलला गेला की त्याच क्षणी माणसं या बोटीतून त्या बोटीत द्यायची. आजोबांनी धाकट्या मामाला खलाशाच्या हातात फेकल्यासारखं दिलं, आणि ते पाहून आईने डोळे मिटले ते किनारा येईपर्यंत. मामाला जाऊन नऊ वर्षं झाली. ही गोष्ट मला आजपर्यंत माहीत नव्हती.

यलोस्टोनच्या त्या प्रवासातही आई बरोबर होती. सहा दिवस मागच्या सीटवर. माझ्या लेखात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

परतताना फेअरपोर्टचा पूल उचलून घ्यायला आम्ही तीन भोंगे दिले. घंटा वाजली, मोटारी थांबल्या, रस्ता सगळाच्या सगळा वर गेला. आई म्हणाली, हर्णैला भोंगा ऐकू आला की अर्धं गाव बंदराकडे धावायचं. कोण कोण धावायचं ते ती एकेकाचं नाव घेऊन सांगत होती. आम्ही पलीकडे गेलो, पूल खाली आला, मोटारी सुरू झाल्या, तरी तिची नावं संपली नव्हती.