मॉरिशस: चित्रांतलें आणि ताटांतलें

सुटींत कोठें जावें, तेथें काय पाहावें आणि काय खावें, हें सांगणारें लेखन ही आतां मराठींतील एक भरभराटलेली शाखा झाली आहे. दिवाळी अंकांतून, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि सहली काढणाऱ्या मंडळींच्या पुस्तिकांतून तें सारखें येत असतें. आणि आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत तें कथा-कादंबऱ्यांपेक्षां अधिक लक्ष देऊन वाचलें जातें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. असें असूनहि टीकेच्या दृष्टीनें त्याची तपासणी सहसा कोणी करीत नाहीं. ज्या लेखनावर विसंबून माणूस वर्षाची शिल्लक खर्च करतो, तें खरें किती आणि वरवरचें किती हें पाहाणें टीकाकाराला कमीपणा आणणारें खास नाहीं. उदाहरणादाखल येथें मॉरिशस बेटाविषयींचें लेखन घेतों, कारण अलीकडे मराठी प्रवाशांचा ओढा तिकडे बराच आहे आणि त्या बेटाशीं आपला संबंधहि खरा आहे.

अशा लेखाचा सांचा ठरलेला असतो. विमान उतरतांना खालीं दिसणारें निळें-हिरवें पाणी हा पहिला परिच्छेद. मग पांढरी वाळू, शामारेल येथील सात रंगांची माती, पांप्लमूसच्या बागेंतील परातीएवढीं कमळपानें, गंगा तलावाच्या कांठची शंकराची उंच मूर्ति, आणि एक दिवस बोटींतून एखाद्या लहान बेटावर. ‘काय पाहावें’ येथें संपतें. नंतर ‘काय खावें’ या मथळ्याखालीं हॉटेलांतील पक्वान्नांच्या रांगेचें वर्णन, माशांची व झिंग्यांची तारीफ, आणि शाकाहारी वाचकांच्या समाधानासाठीं ‘भारतीय जेवण सर्वत्र मिळतें’ असें एक आश्वासन. हीं दोन प्रकरणें एकमेकांना ओळखतहि नाहींत. हीं टिपणें अगदींच निरुपयोगी असतात असें माझें म्हणणें नाहीं. आपल्या पावसाळ्यांत तेथें हिंवाळा असतो, त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो, आणि जानेवारी ते मार्च हे वादळाचे महिने आहेत, एवढें जरी लेखकानें सांगितलें तरी त्याचे आभार मानावे. पण पुष्कळजण तेंहि सांगत नाहींत. निळ्या पाण्यावरून त्यांची नजर हालत नाहीं.

या चित्राचें मूळ जुनें आहे. बर्नार्दें द सें-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० पर्यंत इंजिनीयर म्हणून या बेटावर होता. स्वदेशीं परतल्यावर १७७३ सालीं त्यानें आपल्या प्रवासाचें पत्ररूप वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्यांत तेथील गुलामांच्या हालांविषयीं स्पष्टपणें लिहिलें. पुढें १७८८ सालीं त्याच बेटाच्या पार्श्वभूमीवर त्यानें ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी रचली. १७४४ सालीं सें-जेराँ नांवाचें जहाज त्या किनाऱ्याजवळ फुटलें होतें; तिच्या करुण शेवटाला त्या घटनेचा आधार आहे. निसर्गाच्या मांडीवर वाढलेलीं तीं दोन निष्पाप मुलें यूरोपला इतकीं आवडलीं कीं कादंबरी घराघरांत शिरली आणि प्रवासवर्णन ग्रंथालयांच्या फळ्यांवर राहिलें. गंमत अशी कीं, धन्याच्या जाचाला कंटाळून पळालेली एक गुलाम स्त्री या कादंबरींतहि आहे. परंतु वाचकांनीं तिला विसरून हिरवीं झाडें तेवढीं लक्षांत ठेवलीं. आजच्या सहल-पुस्तिकेचा वंश त्या विसराळू वाचकापासून सुरू होतो.

दुसरा पूर्वज म्हणून मार्क ट्वेनचें नांव घेतलें जातें. परमेश्वरानें हें बेट आधीं घडविलें आणि मग त्यावरून स्वर्ग उतरविला, अशा आशयाचें एक वचन त्याच्या नांवावर जेथें तेथें छापलेलें आढळतें. मराठी लेखांतहि तें हटकून असतें. ट्वेन १८९६ सालीं तेथें गेला होता, आणि त्याच्या १८९७ सालच्या प्रवासग्रंथांत हें वचन आहे हेंहि खरें. पण तें त्यानें बेटावरच्या एका रहिवाशाच्या तोंडीं घातलें आहे, आणि लगेच दुसरा रहिवासी तें अतिशयोक्त ठरवितो असेंहि तेथेंच नमूद केलें आहे. स्थानिक अभिमानाची विनोदी लेखकानें केलेली थट्टा आम्हीं प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीवर टांगली! मूळ पान उघडून पाहाण्याचे श्रम घेतलेला एकहि मराठी लेख माझ्या वाचनांत आलेला नाहीं.

आतां ताटाकडे वळूं. या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच लोक १५९८ सालीं उतरले आणि १७१० सालीं बेट सोडून गेले. १७१५ पासून फ्रेंच, १८१० पासून इंग्रज, आणि १९६८ सालीं स्वातंत्र्य. बेटाचा खरा भूमिपुत्र म्हणावा असा डोडो पक्षी सतराव्या शतकांतच नाहींसा झाला; त्याचा सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयांत आहे. अशा ठिकाणीं जेवणांतील बहुतेक प्रत्येक पदार्थ जहाजांतून आलेला असणार हें उघड आहे. ऊंस आणि हरिण डचांनीं १६३९ सालीं जावाहून आणलें; हरणाच्या मांसाचा रस्सा आजहि तेथें आवडीनें खातात. कसावाचा कंद लाबूर्दोने या फ्रेंच गव्हर्नरानें आणविला, तो मुख्यतः गुलामांच्या पोटासाठीं. तळलेल्या शेवया आणि वाफवलेले उंडे चिनी दुकानदारांच्या मागोमाग आले. मासे मोहरी, हळद व सिरका घालून मुरविण्याच्या पद्धतीला ‘विंदाय’ म्हणतात. गोव्याच्या विंदालूची ही बहीण, दोघींचें माहेर पोर्तुगीज. टोमॅटोच्या कालवणाला ‘रुगाय’ म्हणतात, तर वाटलेल्या चटणीला ‘साटिनी’. डाळीच्या वड्याला ‘गातो पिमां’ म्हणजे मिरचीचा केक म्हणतात. फ्रेंच पावांत हे वडे भरून तेथील कामकरी माणूस न्याहारी करतो. त्या एका घांसांत तिन्ही खंडांची हजेरी लागते, आणि आमचा लेखक त्या वेळीं हॉटेलांत पपईच्या फोडी मोजीत बसलेला असतो.

या सर्वांत मानाचें पान ‘दालपुरी’चें. पिवळी डाळ उकडून कोरडी वाटावयाची, तिला हळद-जिऱ्याचा वास लावावयाचा, मैद्याच्या उंड्यांत भरून रुमालासारखी पातळ लाटावयाची आणि तव्यावर भाजावयाची. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, रुगाय आणि मिरचीचा ठेंचा. दोन पुऱ्यांची जोडी कागदांत गुंडाळून देतात. ही पाहून मराठी प्रवाशाला पुरणपोळी आठवते आणि तो लिहून मोकळा होतो कीं, आपलीच पोळी गूळ गमावून बसली आहे. हें ममत्व गोड आहे, पण खरें नाहीं. दालपुरी बिहारच्या भोजपुरी मुलखांतली. कलकत्त्याच्या बंदरांतून गेलेल्या मजुरांची संख्या सर्वांत मोठी, म्हणून त्यांची पुरी साऱ्या बेटाची झाली. मुंबईहून गेलेले आपले लोक थोडे होते. त्यांत कोंकणांतले बरेच.

त्या थोड्यांविषयींहि आमचें लेखन असेंच घाईचें असतें. मॉरिशसमध्यें गणेशोत्सवाला सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकवितात, कोंकणांतील जाखडीचा नाच ‘झाकरी’ या नांवानें टिकला आहे. हें सर्व अभिमानानें सांगण्यासारखें आहेच. पण बहुतेक मराठी कुटुंबांची घरांतील बोली आतां क्रिओल आहे, हें सांगतांना लेखकाची लेखणी अडखळते. देवळांत कोणी ‘नमस्कार, या’ म्हटलें कीं त्याचे डोळे भरून येतात, आणि त्या भरल्या डोळ्यांमुळें समोरचा माणूस त्याला दिसेनासा होतो. त्या गृहस्थाच्या पणजोबांनीं कोणत्या करारावर अंगठा उठविला, त्याच्या घरीं आज चूल कशी पेटते, मोदकाच्या शेजारीं विंदाय चालतो कीं नाहीं, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. आपली आठवण ठेवणारी वस्तु म्हणून त्याचें कौतुक करावयाचें आणि गाडी सुटण्यापूर्वीं त्याच्याबरोबर छायाचित्र काढावयाचें! परक्यांनीं आपल्या देशाविषयीं असें लिहिलें असतें तर आम्हीं रागावलों असतों.

‘काय पाहावें’ या प्रकरणाची दुरुस्ती येथूनच करतां येईल. पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. १८४९ मध्यें बांधलेल्या या आगारांतून करारबद्ध मजूर बेटांत सोडले जात. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख माणसें आलीं. कांहीं पुढें इतर वसाहतींना पाठविलीं गेलीं. जहाजांतून उतरल्यावर चढावयाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. २००६ सालीं युनेस्कोनें या जागेला जागतिक वारशाचा मान दिला. पाहाण्यास फारसें कांहीं नाहीं अशी तक्रार करून पुष्कळ सहली येथें थांबतच नाहींत. दगडी भिंती, न्हाणीघरें, स्वयंपाकाची जागा, आणि त्या पायऱ्या, एवढेंच खरें. पण शिध्याचे तांदूळ आणि डाळ येथूनच बेटाच्या ताटांत गेली.

नैर्ऋत्येस ल मॉर्नचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याची वाळू सर्व पुस्तिकांत असते, डोंगर फक्त मागच्या पडद्यासारखा. पळालेले गुलाम याच्या कड्यांत लपून राहात. १८३५ मध्यें गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई वर चढूं लागले, तेव्हां ते धरावयास आले असें समजून माणसांनीं खालीं उड्या टाकल्या, अशी कथा तेथें सांगतात. २००८ सालीं हा डोंगरहि जागतिक वारशांत आला. समुद्रस्नान करणाऱ्यानें त्यासाठीं शोक करीत बसावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या वाळूचें वर्णन चार पानें करणाऱ्या लेखकाला डोंगरासाठीं चार ओळी सुचूं नयेत?

ज्यांना यंदा जावयाचें आहे त्यांनीं पोर्ट लुईसाठीं एक सकाळ राखून ठेवावी. घाट आधीं पाहावा, मग तेथून थोडक्यांत पायीं जुन्या बाजारांत जावें. भाज्यांच्या बाजूनें शिरल्यावर पालेभाज्यांच्या जुड्या ओळखीच्या वाटतील, त्यांचीं नांवें मात्र फ्रेंच असतील. आंत सब्जा घातलेलें थंड दूध मिळतें, त्याला ‘आलुदा’ म्हणतात; आपल्या फालुद्याचा हा धाकटा भाऊ. दालपुरी रस्त्यावरच, उभ्यानें खावयाची. ताटाची अपेक्षा धरूं नये, आणि मिरची घालूं का असें विचारल्यास आधीं थोडीच घालावयास सांगावें.